नाक आमच्याकडचं

मराठी घरात मूल जन्माला आलं की तासाभरात त्याची वाटणी होते. बारसं बाराव्या दिवशी, जन्मदाखला महापालिकेच्या सवडीनं. पण नाक कोणाकडचं याचा निकाल प्रसूतिगृहाच्या खोलीतच लागतो. आत्या म्हणते, "नाक अगदी दादाचं." मावशी म्हणते, "कपाळ मात्र आमच्या अण्णांचं हं." ज्या जिवानं अजून धड डोळे उघडलेले नाहीत, त्याचे डोळे आजीसारखे पाणीदार असल्याचं जाहीर होतं. तेवढ्यात बाळ भोकाड पसरतं आणि दोन्ही बाजू एकमेकींकडे पाहू लागतात. हा आवाज पदरात घ्यायला कोणी पुढे येत नाही.

वाटणीचा कायदा सोपा आहे. चांगलं ते आमच्याकडचं, वाईट ते तुमच्याकडचं आणि दोन्हीकडून नाकारलेलं ते संगतीचं. पोरगं दहावीला गेलं तरी हाच कायदा लागू. ९५ टक्के पडले की "आमच्या घराण्यात गणित आहेच". ५५ पडले की मोबाईल, क्लासचे सर आणि खालच्या मजल्यावरचा तो मुलगा. आनुवंशिकतेची हद्द ८५ टक्क्यांच्या आसपास सुरू होते, त्याखालचा सगळा मुलूख परिस्थितीच्या ताब्यात. खालच्या मजल्यावर त्याच वेळी वरच्या मजल्याविषयी काय बोलणं चाललं असेल, याची चौकशी कोणी करत नाही.

आपल्या म्हणींनीही या खटल्यात दोन्ही पक्षांचं वकीलपत्र घेतलेलं आहे. एकीकडे 'खाण तशी माती' आणि 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार'. दुसरीकडे ढवळ्याशेजारी पवळा बांधायचा, मग वाण नाही पण गुण लागतोच. भांडण चुलत्याशी असेल तर पहिली म्हण काढायची, शेजाऱ्याशी असेल तर शेवटची. चुलत्याला ऐकवताना खाण आपलीही तीच आहे, एवढं फक्त विसरावं लागतं.

हा वाद शास्त्रात आणला फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज गृहस्थांनी. मोठमोठ्या माणसांच्या वंशावळी चाळून त्यांनी १८६९ साली जाहीर केलं की बुद्धी घराण्यातून उतरते. हे गॉल्टन चार्ल्स डार्विनचे नातलग. दोघांचे आजोबा एकच. म्हणजे इंग्लंडातही नाक आमच्याकडचंच निघालं, फक्त तिथे त्याचा ग्रंथ झाला. पुढे याच विचाराला विषारी फळं धरली. बर्लिनमध्ये युगेन फिशर नावाच्या प्राध्यापकांकडे १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे डॉक्टरेट करत होत्या. युरोपीय माणसाचं श्रेष्ठत्व त्याच्या कवटीच्या ठेवणीतच दिसतं, असं निघावं ही प्राध्यापकांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही फरक सापडत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. नव्या सुनेनं पहिल्याच पंगतीत सासूबाईंची आमटी खारट झाल्याचं सांगावं, तितकंच हे धाडसाचं होतं.

जगभरच्या शास्त्रज्ञांना हा वाद सोडवायला उंदीर, जुळी मुलं आणि सरकारी अनुदान लागतं. आम्हा नवी मुंबईकरांना बेलापूर आणि वाशी पुरतात. बेलापूरला वेगवेगळ्या रक्ताची माणसं एकाच साच्याच्या घरात ठेवलेली आहेत आणि वाशीला एकाच रक्ताची फळं वेगवेगळ्या मातीतून येतात.

आधी बेलापूर. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखायला घेतलं. इतर शहरांत माणसं आधी येतात आणि नकाशा त्यांच्यामागून धावतो. इथे नकाशा आधी. शाळा कुठे, बाजार कुठे, स्टेशन कुठे, सगळं ठरलेलं; फक्त माणसांनी येऊन सुधारायचं बाकी होतं. ज्या तिघांनी या नव्या शहराची कल्पना मांडली त्यांतले एक वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. त्यांनी १९८० च्या दशकात बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये घरांची एक वसाहत उभी केली. सात घरांना मिळून एक अंगण, प्रत्येकाला थोडं उघडं आकाश. घरं मुद्दाम सुटी ठेवली होती, म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीला हात न लावता ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे वाढवता यावीत. आज आर्टिस्ट व्हिलेज म्हणून सगळे ओळखतात ती हीच.

तिथे एकदा जाऊन या. उतरत्या कौलांचं मूळ घर शोधून काढावं लागतं. कुणी दोन मजले चढवले आणि वर पाण्याची टाकी बसवली. कुणी दाराशी संगमरवरी खांब उभे केले, ज्यांना पाहून रोमचा एखादा बादशहा आत पंखा पुसत बसला असेल असं वाटावं. कुणी झाड राखण्यासाठी जिना वाकडा नेला, तर कुणी शेजाऱ्याचं झाड वाकडं वाढतंय म्हणून सोसायटीला अर्ज दिला. अंगण तेच, माती तीच, पावसाळाही तोच. कोरियांना ही वाढ हवीच होती. पण एकसारखी घरं दिली की माणसं एकसारखी होतील, असं ज्या कुणाला वाटत असेल त्यानं इथल्या कुठल्याही अंगणात उभं राहून फक्त रंग मोजावेत.

मुळात दोन सख्खी भावंडंसुद्धा एका घरात एकसारखी होत नाहीत. अमेरिकेतल्या रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या दोघा संशोधकांनी १९८७ साली नेमका हाच प्रश्न विचारला होता, की एका घरातली मुलं एकमेकांहून इतकी वेगळी का निघतात. त्यांचं म्हणणं असं, की घर एक असलं तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला वेगळी परिस्थिती येते. यासाठी अमेरिकेला जायची गरज नव्हती. पहिल्या मुलाची बाटली वीस मिनिटं उकळतात, दुसऱ्याची नळाखाली धरतात. पहिल्याच्या पहिल्या दातासाठी फोटोग्राफर येतो, दुसऱ्याला दात आल्याचं तो चावल्यावर कळतं. पहिल्याला कडक बाप मिळतो आणि दुसऱ्याला त्याच बापाचा गुडघे दुखणारा, "जाऊ दे, खेळू दे" म्हणणारा अवतार. पत्ता एक, माणसं बदललेली.

याच्या उलटही घडतं. अमेरिकेत तान्हेपणीच ताटातूट झालेले दोन जुळे भाऊ १९७९ साली, ३९ व्या वर्षी एकमेकांना भेटले. दोघांचं नाव जिम. दोघांची पहिली बायको लिंडा, दुसरी बेटी. लहानपणी पाळलेल्या कुत्र्याचं नावसुद्धा एकच. मिनेसोटाच्या थॉमस बुशार्ड या प्राध्यापकांनी मग अशा दुरावलेल्या जुळ्यांचा मोठा अभ्यासच हाती घेतला. पेपरवाल्यांनी जनुकांचा जयजयकार केला.

त्या पेपरवाल्यांना सकाळी नेरुळ स्टेशनवर उभं करायला हवं होतं. ठाण्याच्या गाडीत समोरासमोर दोन अमोल बसलेले असतात. दोघांचा जन्म ऐंशीच्या दशकातला. दोघांच्या बायका अश्विनी, दोघांच्या मुलांची नावं आरव. दोघांकडे हप्त्यावरची पांढरी मोटार, जी सोसायटीच्या आवारात धूळ खात उभी असते कारण बाहेर काढली तर परत आल्यावर जागा मिळत नाही. दोघांच्या गावच्या घराचे पत्रे बदलायचे राहून गेलेत. दोघांनीही जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि फेब्रुवारीत जाणं बंद केलं. रक्ताचा संबंध औषधालाही नाही. एक कणकवलीचा, दुसरा कराडचा. जनुकांनी एका जोडीला जे केलं ते पगार, हप्ता आणि ट्रान्स-हार्बर लाइन यांनी इथे हजारोंना करून दाखवलं. तेव्हा दोन माणसं सारखी दिसली, की आधी ती कुठल्या साली कुठल्या शहरात वाढली ते विचारावं, नाक नंतर पाहावं.

आता वाशी. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फळबाजारात एप्रिलमध्ये गेलं की सगळीकडे हापूस. हापूस कोयीपासून वाढवत नाहीत, कारण कोयीतून काय निघेल याचा नेम नाही. रायवळ आंब्याचं रोप घ्यायचं, त्यावर हापूसची काडी बांधायची आणि कलम जीव धरण्याची वाट पाहायची. म्हणजे देवगडचं, रत्नागिरीचं आणि कर्नाटकातलं हापूसचं झाड हे जनुकांच्या हिशेबात जवळजवळ एकच झाड. एकाच कुळाच्या, एकाच नाकाच्या लाखो प्रती. आता तर नोव्हेंबरात आफ्रिकेतल्या मलावीहून हापूस वाशीला उतरतो. कलमं कोकणातूनच गेलेली. पण विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे, त्यामुळे हा परदेशस्थ भाऊ दिवाळीच्या सुमाराला माहेरी येतो आणि इकडच्या भावापेक्षा महाग असतो.

सगळे सारखे, तर मग चवही सारखी हवी. हे वाक्य बाजारात मोठ्यानं बोलू नये. पेटीवर वाकून, आंबा देठाजवळ हुंगून व्यापारी सांगतो, "साहेब, हा कातळावरचा. तो घ्यायचा तर घ्या, पण मग माझं नाव सांगू नका." कातळ, खारा वारा, मोहोराच्या वेळची थंडी, पिकायला घातलेली आढी, सगळं त्याच्या नाकाला कळतं. शिवाय साका आहेच. वरून फळ सोन्यासारखं, कापलं की आत पांढरा भुसभुशीत गर. त्याचा बराचसा दोष तज्ज्ञ तापलेल्या जमिनीकडून येणाऱ्या उष्णतेला देतात. खानदान निर्मळ असूनही उन्हानं घात केला, एवढंच.

यात गंमत सरकारची. २०१८ साली कोकणपट्ट्यातल्या रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. कुळ तेच असलं तरी हापूस हे नाव माती पाहून मिळेल, असा हा निवाडा. गॉल्टनसाहेब कोर्टात हरले ते आंब्यावर. हा निकाल आपण आनंदानं डोक्यावर घेतला. पण लग्नाचं स्थळ आलं की तोच माणूस चष्मा लावून विचारतो, "घराणं कसं आहे?" आंब्याच्या बाबतीत आपण मातीवाले, जावयाच्या बाबतीत कुळवाले. जावयालाही आढीत घालून पाहता आलं असतं तर गोष्ट वेगळी.

म्हणजे जिंकलं कोण, बेलापूर की वाशी? याचं उत्तर पाम बीच रोडच्या पलीकडे खाडीच्या चिखलात एका पायावर उभं असतं. हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो येतात, आपल्या जुन्या मराठीत रोहित. त्यांच्या नावावर आमचं शहर फ्लेमिंगो सिटी म्हणून मिरवतं आणि चौकाचौकात त्यांचे पुतळे उभे आहेत. या पक्ष्याचं पिल्लू जन्मतः गुलाबी नसतं, राखाडी असतं. शेवाळ आणि बारीक जलचर खाऊन त्यांतला रंग हळूहळू पिसांत उतरतो. प्राणिसंग्रहालयात तसं खाणं मिळालं नाही तर रंग उडतो. मग गुलाबी रंग चिखलाचा झाला का? तर तेच शेवाळ कावळ्याला वर्षभर चारा, कावळा काळाच राहील, वर तुमच्याकडे रागानं बघेल. रंग चिखलातून येतो, पण तो पिसांत साठवायची विद्या वंशातून आलेली असते. गुलाबीतला किती टक्के गुलाबी चिखलाचा, हा प्रश्नच लागू पडत नाही.

तरी टक्के निघालेच. जुळ्यांवरच्या ५० वर्षांतल्या २,७४८ संशोधनांची एकत्र मोजणी २०१५ साली झाली. जुळ्यांच्या जोड्या तब्बल १ कोटी ४५ लाख. सगळ्या गुणांची सरासरी काढली तर आनुवंशिकतेचा वाटा आला ४९ टक्के. दीडशे वर्षं भांडून निकाल लागला तो जवळपास अर्धा-अर्धा. हा निकाल आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहा पिता पिता दिला असता.

पण टक्क्यांच्या बाबतीत नवी मुंबईकर भोळा नाही. या शहरासाठी इथल्या आगरी-कोळी गावांनी जमीन दिली. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं ठरलं. तेव्हापासून इथला माणूस टक्के ऐकले की एकच प्रश्न विचारतो, "टक्के, पण कशाचे?" शास्त्रात हाच प्रश्न विचारायचा राहून जातो. ते ४९ टक्के माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत, एका माणसाचे नाहीत. माझ्या रागातला ४९ टक्के राग वडिलांचा आणि उरलेला सायन-पनवेल हायवेचा, असा त्याचा अर्थ होत नाही. शिवाय हा आकडा परिस्थितीप्रमाणे हलतो. सगळ्यांना पोटभर खायला मिळतं तिथे उंचीतल्या फरकाचा सुमारे ८० टक्के हिस्सा जनुकांकडे जातो. अर्धी मुलं उपाशी असतील तिथे तो घसरतो. परिस्थिती जितकी समान, तितका जनुकांचा भाव वधारतो. म्हणून आनुवंशिकता फार मोठी आहे असं सिद्ध करायचं असेल, तर आधी सगळ्या सेक्टरांना सारखं पाणी सोडावं लागेल.

माझा स्वतःचा अभ्यासविषय पोट आहे. संध्याकाळी वाशीच्या मिनी सी-शोअरला किंवा नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला चालणाऱ्यांचे घोळके पाहावेत. शर्टाची तिसरी आणि चौथी गुंडी बारीकशी फट ठेवून असते. विचारलं तर उत्तर तयार, "आमच्या घराण्यात सगळ्यांनाच आहे." दोन फेऱ्या झाल्या की घराणं वडापावच्या गाडीशी थांबतं. या बाबतीत मात्र पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याला निम्मी सवलत मिळवून दिली आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचा फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. स्वतःची चरबी जगापुढे मांडणारा दुसरा मराठी माणूस मला तरी माहीत नाही; आपण तर फोटो निघताना श्वास आत ओढतो.

याज्ञिकांनी पुण्याभोवतीच्या गावांतली नवजात बाळंही तपासली. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनचं बाळ साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं, पण आपलं लहानखुरं बाळसुद्धा त्याच्या मानानं चरबी राखून आलेलं. आईच्या पोटात असताना तिला काय खायला मिळालं, याचा हिशेब बाळ अंगावर मांडून बाहेर येतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात याज्ञिकांसह आपल्या शास्त्रज्ञांनी ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर घेतले आणि त्यांना दोन पिढ्या पोटभर जेवू घातलं. तरी जुनी खोड गेली नाही. शरीर दुष्काळ धरूनच बसलेलं. आता हे आनुवंशिक म्हणायचं की परिस्थिती? पणजीची परिस्थिती पणतूच्या कमरेवर येऊन बसते, तेव्हा दोन्ही शब्दांची हद्द पुसली जाते. माझ्या पोटात पणजीनं काढलेले उपास आहेत, असं मी आता घरात सांगतो. पणजीनं वडापाव खायला सांगितलं नव्हतं, असं उत्तर मिळतं.

वाटणीचा हा खेळ एका दारापाशी मात्र थांबतो. खारघरला टाटा मेमोरियलची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. घराण्यात उतरणाऱ्या कर्करोगांचा तिथे अभ्यास आणि तपासणी होते. असे रोग एकूण कर्करोगांत पाच-दहा टक्केच असतात. पण तिथे कुटुंबाची तीन-तीन पिढ्यांची वंशावळ काढायला बसतात, तेव्हा आत्या आणि मावशी दोघी शांतपणे आठवून सांगतात, "हो, आमच्याकडे होतं." कुणी खापर फोडत नाही आणि कुणी श्रेय घेत नाही. वंशावळ उपयोगी पडते ती अशी, कारण वेळेवर कळलं तर पुढचं काही करता येतं.

एरवीच्या घरगुती भांडणात हे शहाणपण यायला वेळ लागतो. आमच्या चिरंजीवांच्या गणिताच्या पेपरवरून परवा घरात नेहमीची सुनावणी सुरू झाली. मी मामांच्या स्वभावावर घसरलो होतो, सौभाग्यवतींनी माझ्या काकांची बी.कॉम.ची जुनी केस उकरून काढली होती. चिरंजीव शांतपणे म्हणाले, "बाबा, जनुकं तुम्हा दोघांची. घर तुमचं, शाळा तुम्ही निवडली, क्लास आईनं लावला, मोबाईल तुम्ही घेऊन दिलात. यात माझं असं नेमकं काय आहे?"

गॉल्टनपासून बुशार्डपर्यंतचं सगळं वाङ्मय धुंडाळलं तरी याला उत्तर सापडत नाही. जनुकं बदलायची सोय घरात नव्हती. वाय-फायचा पासवर्ड बदलायची होती, तेवढा मी बदलला.